पाषाणांची साक्ष

जर्मनी देशाची राजधानी बर्लिन. या नगरात एक जुने व प्रसिद्ध संग्रहालय आहे. त्याच्या समोरील प्रांगणात दगडाचे एक प्रचंड पात्र ठेवलेले आहे. त्याचा व्यास जवळजवळ ७ मीटर आहे. विशेष हे की, एवढे मोठे पात्र एकाच अखंड शिळेतून घडविलेले आहे. ही शिळा ग्रॅनाइट नावाच्या कठीण खडकाची. बर्लिनच्या आग्नेयेस रावेन नावाच्या टेकड्या आहेत. तेथे ती शतकानुशतके उघड्यावर पडून होती. १८२७ साली कारागिरांनी ती फोडली, तिचा एक भाग नदीतून नौकेवर घालून नगरात आणला आणि वाफेच्या यंत्राच्या साहाय्याने घासून घासून त्याला तकाकी आणली. पुढे पात्र जागेवर बसले. लोकांनी त्याचे मोठे कौतुक केले.

परंतु काही जिज्ञासू माणसांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. रावेनच्या टेकड्या वाळूच्या आणि मातीच्या. सभोवार कोसच्या कोस मैदान. तेही वाळूचे आणि चिकणमातीचे. मग ही ग्रॅनाइटची शिळा तेथे आली कोठून? शोध घेता घेता असे आढळले की, या जातीचा खडक उत्तरेस समुद्रापलीकडे, स्वीडन देशाच्या दक्षिण भागात आहे. म्हणजे शेकडो टन वजनाची ही शिळा ४०० किलोमीटरांहून अधिक प्रवास करून, वाटेतील समुद्र ओलांडून येथे आली होती. तिला आणले कोणी?

ही एकच शिळा असती, तर गोष्ट वेगळी. पण उत्तर जर्मनीच्या शेतांत, रानांत आणि गावांच्या वेशींवर असे सहस्रावधी दगड विखुरलेले होते. शेतकरी नांगर धरी, तेव्हा फाळ अशा दगडांवर आदळे. तो ते बाजूला काढी, बांधावर रचून ठेवी. गावोगावच्या जुन्या देवळांच्या भिंतीही याच दगडांनी बांधलेल्या आहेत. ज्याचे मायबाप ठाऊक नाहीत अशा रस्त्यात सापडलेल्या पोराला जर्मन भाषेत जो शब्द आहे, तोच शब्द लोकांनी या दगडांना लावला. किती समर्पक नाव! या दगडांचेही मूळ आणि कूळ कोणाला ठाऊक नव्हते.

जेथे ज्ञान नसते, तेथे कथा जन्म घेते. देऊळ बांधले जात असलेले पाहून कोपलेल्या राक्षसाने हे दगड भिरकावले, असे आजीबाई नातवंडांना सांगत. विद्वान लोक राक्षसावर विश्वास ठेवीत नसत. पण त्यांचे उत्तरही तितकेच चुकीचे होते. कोणी म्हणत, एका प्रचंड महापुराने हे दगड वाहून आणले. पुढे दुसरे मत पुढे आले. हा सर्व प्रदेश पूर्वी थंड समुद्राखाली होता. त्या समुद्रात उत्तरेकडून हिमखंड तरंगत येत. त्यांत अडकलेले दगड बर्फ वितळताच तळाशी पडत, असे ते मत होते. हे मत महापुरापेक्षा पुष्कळ सयुक्तिक होते. म्हणून थोर थोर भूवैज्ञानिकांनी ते स्वीकारले होते.

खरे उत्तर मात्र मैदानात नव्हे, तर दूर आल्प्स पर्वतात प्रथम उच्चारले गेले. आणि तेही एका विद्वानाच्या नव्हे, तर एका शिकाऱ्याच्या मुखातून. स्वित्झर्लंडमधील एका दरीत पेरोदाँ नावाचा एक गृहस्थ राहत असे. तो सुतारकाम करी आणि पर्वतात शिकारही करी. हिमनद्यांच्या अंगाखांद्यावरच तो वाढला होता. १८१५ साली शार्पांत्ये नावाचे एक अभियंते त्याच्या झोपडीत मुक्कामाला उतरले. तेव्हा पेरोदाँ त्यांस म्हणाला की, आमच्या दरीत उंचावर पडलेले हे मोठमोठे दगड पाण्याने आणलेले नाहीत. एके काळी हिमनदी खालपर्यंत भरलेली होती, तिनेच ते आणून टाकले. शार्पांत्ये यांना ही गोष्ट असंभाव्य वाटली. परंतु पुढे स्वतः पाहणी केल्यावर त्यांनी आपले मत बदलले आणि ते याच मताचे पुरस्कर्ते झाले. त्यांच्याकडून हा विचार लुई अगासी या तरुण शास्त्रज्ञाकडे गेला. १८३७ साली अगासी यांनी विद्वानांच्या सभेत निर्भयपणे सांगितले की, एके काळी केवळ पर्वतच नव्हेत, तर पृथ्वीचा फार मोठा भाग बर्फाखाली गाडला गेला होता. त्या काळास त्यांनी 'हिमयुग' म्हटले.

पर्वतातील हिमनदी डोळ्यांना दिसते. तिची कल्पना करणे सोपे असते. पण बर्लिनच्या सपाट मैदानात ना पर्वत, ना उतार! तेथे बर्फाची नदी वाहणार तरी कशी? म्हणून अगासींच्या भाषणानंतरही जवळजवळ चार दशके त्या मैदानापुरते तरंगत्या हिमखंडांचेच मत टिकून राहिले.

या वादाचा निकाल एका दिवसात लागण्यास सुरुवात झाली. तो दिवस ३ नोव्हेंबर १८७५ हा होय. ऑटो टोरेल हे स्वीडनमधील भूवैज्ञानिक त्या दिवशी बर्लिनच्या पूर्वेस असलेल्या र्‍यूडर्सडॉर्फ या गावी चुनखडकाची खाण पाहण्यास गेले. खाणीच्या वरची माती काढलेली होती आणि खालचा खडक उघडा पडला होता. टोरेल यांनी वाकून पाहिले. खडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर एकमेकांना समांतर असे असंख्य ओरखडे उमटलेले होते. टोरेल यांनी स्पिट्सबर्गेन आणि ग्रीनलंड या ध्रुवीय प्रदेशांतील हिमनद्या प्रत्यक्ष पाहिल्या होत्या. हे ओरखडे त्यांना परके नव्हते. त्याच दिवशी बर्लिनमध्ये भरलेल्या भूवैज्ञानिकांच्या सभेत त्यांनी सांगितले, की येथे हिमखंड तरंगत आलेले नाहीत. स्वीडन-नॉर्वेच्या भूमीवरून निघालेला बर्फाचा अखंड थर समुद्राचे पात्र ओलांडून येथवर आला होता. सभेतील सर्वांना ते तत्काळ पटले नाही. परंतु थोड्याच वर्षांत टोरेल यांचे मत सर्वमान्य झाले.

विद्यार्थ्यांनो, त्या ओरखड्यांत असे काय होते, की ज्याने एवढा मोठा वाद मिटावा? सुतार लाकूड गुळगुळीत करण्यासाठी काचकागद वापरतो, हे तुम्ही पाहिले असेल. नुसता कागद लाकूड घासू शकत नाही. त्यावर चिकटविलेले कण ते काम करतात. बर्फाचेही तसेच आहे. बर्फ मऊ, पण त्याच्या तळाशी रेती आणि दगड घट्ट गोठलेले असतात. वरून प्रचंड भार आणि खालून दगडांची धार, अशा स्थितीत तो पुढे सरकला की खालचा खडक घासला जातो आणि त्यावर सरळ, समांतर रेषा उमटतात. पाण्यावर हेलकावे खाणारा हिमखंड अशा एकसारख्या रेषा विस्तृत पृष्ठभागावर ओढू शकणार नाही. शिवाय, बर्फ कोणत्या दिशेने गेला, हेही त्या रेषा सांगतात.

आता सपाट भूमीवर बर्फ सरकतो कसा, तेही पाहू. थंड प्रदेशात उन्हाळ्यात वितळते त्याहून अधिक हिम हिवाळ्यात पडू लागले, की ते वर्षानुवर्षे साठत जाते. खालचे हिम वरच्या भाराने दाबले जाऊन घट्ट बर्फ बनते. असा थर शेकडो मीटर जाड झाला, की तो स्वतःच्याच भाराने कडेकडे पसरू लागतो. ताटात ओतलेली घट्ट काकवी ताट न कलवताही पसरते, तसेच हे होय. एखाद्या दरीत न मावता देशच्या देश व्यापणाऱ्या अशा हिमनदीस खंडीय हिमनदी म्हणतात. उत्तर युरोपावरील हिमनदी मध्यभागी सुमारे ३ किलोमीटर जाड होती. ती दक्षिणेकडे एकदाच नव्हे, तर अनेक वेळा आली आणि मागे हटली. शेवटच्या खेपेस, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, ती बर्लिनच्याही दक्षिणेस पोचली होती. पुढे हवा उबदार होत गेली आणि सुमारे १०,००० वर्षांपूर्वी तिचा बहुतेक भाग वितळून गेला.

हिमनदी गेली, पण रिकाम्या हाताने गेली नाही. तिने उचललेले सारे ओझे येथेच टाकले. त्या ओझ्यास मराठीत 'हिमोढ' असा सुंदर शब्द आहे. हिम अधिक ऊढ, म्हणजे हिमाने वाहून आणलेले. या हिमोढाची एक खूण ध्यानात ठेवा. नदीचे पाणी सुपासारखे काम करते. वेग कमी होताच ते आधी मोठे गोटे टाकते, मग वाळू आणि शेवटी बारीक गाळ. वारा तर त्याहून चोखंदळ. तो केवळ बारीक कणच दूर नेतो. बर्फ मात्र निवड जाणत नाही. घराएवढी शिळा आणि पिठासारखी माती तो एकाच हाताने उचलतो आणि एकाच जागी टाकतो. म्हणून ज्या थरात चिकणमाती, वाळू, गोटे आणि शिळा कोणत्याही क्रमाविना कालवलेल्या दिसतात, आणि ज्यातील दगडांच्या अंगावर ओरखडे असतात, तेथे बर्फाचा हात असावा अशी शंका घेण्यास जागा असते.

उत्तर युरोपात या हिमनदीच्या मार्गाने आपण दक्षिणेकडे निघालो, तर तिने मागे ठेवलेली भूमिरूपे एकामागून एक भेटतात. फिनलंड देशात पुंकाहार्यू नावाची एक अरुंद, उंच आणि वळणावळणाची टेकडी सरोवरांच्या मधून सुमारे ७ किलोमीटर गेलेली आहे. एखादा बांध घालावा तशी ती दिसते आणि तिच्या माथ्यावरून पूर्वापार वाट जाते. हिमनदीच्या पोटात बोगदे असत आणि त्यांतून वितळलेले पाणी वाहत असे. त्या पाण्याने बोगद्यात साठविलेली वाळू आणि गोटे बर्फ नाहीसा झाल्यावर अशा टेकडीच्या रूपाने उघडे पडले. अशा टेकडीस एस्कर म्हणतात.

फिनलंडच्या दक्षिणेस आखात ओलांडले, की एस्टोनिया देश लागतो. तेथे पालथ्या चमच्यासारख्या आकाराच्या लांबट टेकड्यांचा एक समूहच आहे. त्या सर्व एकाच दिशेला तोंड करून, जणू रांगेत बसल्या आहेत आणि त्यांच्यामध्ये लांबट सरोवरे पसरली आहेत. सरकत्या बर्फाने आपल्या तळाखालील मातीला दिलेला हा आकार. यास ड्रमलिन म्हणतात. बर्फ आला ती बाजू बहुधा अधिक उभी असते आणि तो गेला ती बाजू निमुळती होत जाते. खडकावरील रेषांप्रमाणे ड्रमलिनही बर्फाची दिशा दाखवितात.

पुढे जर्मनीत आलो, की जेथे बर्फाची कड बराच काळ स्थिर राहिली, तेथे दगडमातीच्या टेकड्यांची ओळ दिसते. तिला अंत्य हिमोढ म्हणतात. हिमनदीच्या सीमेवर उभारलेली ही जणू कुंपणाची भिंतच! तिच्या मागे, म्हणजे उत्तरेस, भूहिमोढाचे उंचसखल मैदान. त्यात जागोजाग तळी आणि सरोवरे. बर्फाचे मोठे तुकडे मातीत गाडले गेले आणि सावकाश वितळले. त्यांच्या जागी खड्डे पडले, आणि खड्ड्यांत पाणी साठले. त्या टेकड्यांच्या पुढे, म्हणजे दक्षिणेस, वितळलेल्या पाण्याने पसरलेली वाळूची मैदाने. उत्तरेस बर्फाची भिंत असल्यामुळे ते पाणी उत्तरेकडे जाऊ शकत नव्हते; म्हणून ते बर्फाच्या कडेकडेने पश्चिमेस वाहिले आणि त्याने रुंद खोरी कोरली. बर्लिन नगर अशाच एका पुरातन खोऱ्यात वसलेले आहे.

या वाळूमुळे बर्लिनभोवतीचा मुलूख पूर्वी चेष्टेचा विषय झाला होता. शाई टिपण्यासाठी कागदावर वाळू शिंपडण्याची डबी असे, तिचे नाव लोकांनी त्या मुलखाला दिले होते. परंतु निसर्गाने तेथील वाळूतून उचललेली धूळ वाया जाऊ दिली नाही. उघड्या पडलेल्या त्या मैदानांवरून वाऱ्याने बारीक धूळ उडविली आणि बर्फ नसलेल्या भागात, माग्डेबुर्ग नगराच्या परिसरात, तिचे थर साठविले. या मातीस लोएस म्हणतात. ती अत्यंत सुपीक आहे. एकाच हिमनदीने एका शेतकऱ्याच्या वाट्यास दगड दिले, दुसऱ्याच्या वाट्यास वाळू, आणि तिसऱ्याच्या वाट्यास सोन्यासारखी जमीन! ज्या भूमीवर आपण राहतो, तिचे वर्तमान तिच्या भूतकाळाने घडविलेले असते, ते असे.

इतकेच नव्हे, तर बर्फाचे ओझे उतरून सहस्रावधी वर्षे लोटली, तरी भूमीची पाठ अजून पुरती सरळ झालेली नाही. स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधील किनारा आजही दर वर्षी सुमारे ८ मिलिमीटर वर येत आहे आणि समुद्रातून नवी बेटे डोके वर काढीत आहेत.

हे सर्व दूर देशीचे वर्णन झाले. पण दगडावरील असे ओरखडे आपल्या महाराष्ट्रातही सापडलेले आहेत, हे ऐकून तुम्हांस नवल वाटेल. १८५६ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या तरुण शास्त्रज्ञांनी ओडिशातील तालचेर येथे एक चमत्कारिक थर पाहिला. बारीक मातीच्या खडकात मोठमोठे गोटे रुतलेले, कोणत्याही क्रमाविना! हे काम बर्फाचे असावे, असे त्यांनी लिहिले. जेथे उन्हाने जमीन तापते, त्या ओडिशात बर्फ! असे लिहिण्यास केवळ बुद्धी नव्हे, तर धैर्यही लागत होते. पुढे त्याच संस्थेचे फेडन यांना चंद्रपूरच्या पश्चिमेस, पैनगंगेच्या खोऱ्यात, इरई गावाजवळ याच प्रकारचा थर आढळला. त्याच्या खालचा चुनखडक घासलेला, गुळगुळीत आणि ओरखडे उमटलेला होता. फेडन यांनी आपला वृत्तान्त प्रसिद्ध केला, ते वर्षही १८७५ हेच होते. टोरेल बर्लिनजवळ ज्या प्रकारच्या रेषा वाचत होते, त्याच प्रकारच्या रेषा पैनगंगेच्या काठी वाचल्या गेल्या होत्या!

दोहोंत एक भेद मात्र होता. बर्लिनजवळचे ओरखडे सहस्रावधी वर्षांचे. आपल्याकडील सुमारे ३० कोटी वर्षांचे. पुढे तसेच थर आणि तसेच ओरखडे दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका येथेही मिळाले. आज उष्ण कटिबंधात असलेल्या भूमीवर खंडीय हिमनदी कशी? आणि मधे एवढे महासागर असता इतक्या दूरच्या देशांत एकच कथा कशी? १९१२ साली आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञांनी प्रतिपादन केले, की खंडे स्थिर नाहीत, ती सरकतात. हे सर्व प्रदेश एके काळी एकमेकांस जोडलेले आणि दक्षिण ध्रुवाजवळ होते, असे म्हटले की दोन्ही कोडी उलगडतात. या कल्पनेस त्या ओरखड्यांनी मोठा आधार दिला. वेगेनर यांची पुष्कळ थट्टा झाली. १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फावर संशोधन करीत असता त्यांचा अंत झाला. आपले मत सर्वमान्य झालेले त्यांना पाहावयास मिळाले नाही. आज मात्र ते प्रत्येक शाळेत शिकविले जाते. त्या जुन्या अखंड भूमीला विद्वानांनी 'गोंडवन' हे नाव दिले आहे. आपल्या मध्य भारतातील गोंड लोकांच्या देशाचे नाव असे पृथ्वीच्या इतिहासात अमर झाले.

चंद्रपूरच्या परिसरात दगडी कोळशाच्या खाणी आहेत, हे तुम्हांस ठाऊक आहेच. बर्फाने टाकलेले गोट्यांचे थर खाली आणि कोळशाचे थर त्यांच्या वर, असा तेथील क्रम आहे. बर्फ गेला, हवा उबदार झाली, अरण्ये वाढली, ती गाडली जाऊन त्यांचा कोळसा झाला, असा केवढा मोठा इतिहास तेथील भूमीत दडलेला आहे!

आपण दगडाला मुका म्हणतो. पण दगड मुका नसतो. त्याची भाषा आपल्याला येत नसते, इतकेच. पेरोदाँला ती पर्वतात राहून आली, टोरेल यांना ध्रुवीय प्रदेशांतील प्रवासाने आली, आणि फेडन यांना आपल्याच रानावनांत हिंडून आली. शार्पांत्ये यांनी तर पुरावा पाहताच आपले जुने मत सोडून दिले. हा मोठेपणा सर्वांनाच साधत नाही. राक्षसाची कथा ऐकून जे स्वस्थ बसले, त्यांना त्या दगडांनी काही सांगितले नाही. 'हे येथे कसे आले?' असा साधा प्रश्न ज्यांनी विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत जे वाकून पाहत राहिले, त्यांच्यापुढे त्यांनी पृथ्वीची कोट्यवधी वर्षांची बखर उघडून ठेवली.

अभ्यास

१. बर्लिनच्या परिसरातील शिळांविषयी लोकांनी व विद्वानांनी कोणकोणती उत्तरे दिली? त्यांतील प्रत्येक उत्तर का टिकले नाही?
२. 'बर्फ मऊ असतो. तरी तो खडक घासतो.' हे विधान पाठातील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.
३. नदी, वारा आणि हिमनदी यांनी टाकलेल्या गाळांत कोणता भेद असतो?
४. एस्कर, ड्रमलिन, अंत्य हिमोढ आणि लोएस यांची प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत माहिती लिहा.
५. 'हिमोढ' या शब्दाची फोड करा. 'ऊढ' हे पद ज्यात आहे असा दुसरा एखादा शब्द शब्दकोशात शोधा.
६. इरई येथील ओरखड्यांचे महत्त्व आपल्या शब्दांत सांगा.
७. आपल्या गावाजवळच्या नदीकाठचे पाच-सहा दगड निरखून पाहा. त्यांचा आकार, रंग आणि पृष्ठभाग यांचे वर्णन लिहा, आणि ते तेथे कसे आले असतील याचा विचार करा.